तुळईला ताग चिकटवताय? या चुका टाळा

जुन्या घराच्या तुळईला झोळ आला की हल्ली कुणीतरी हमखास सुचवतं, "गर्डर कशाला, खालून तागाचं कापड इपॉक्सीत भिजवून चिकटवा." इपॉक्सी म्हणजे राळ आणि हार्डनर असे दोन भाग मिसळले की कडक होणारा गोंद. कल्पना खोटी नाही. वाकलेल्या तुळईची खालची बाजू ताणली जाते आणि लाकूड बहुधा तिथल्याच एखाद्या गाठीपाशी फाटायला लागतं. तिथे धाग्यांचा पट्टा असला तर तो ताण गाठीच्या पलीकडे नेतो. पण फसलेले पट्टे मी पाहिले त्यांत धागे तुटलेले क्वचितच होते. पट्टाच लाकडापासून सुटलेला असायचा.

सगळ्यात जास्त फसवतो तो गोणपाट. स्वस्त आणि हाताशी असलेला. मात्र कातण्याआधी ताग मऊ पडावा म्हणून गिरणीत त्यावर तेल-पाण्याचं मिश्रण मारतात आणि त्या तेलाचा अंश कापडात राहतो. तेलकट धाग्याला इपॉक्सी नीट धरत नाही. शिवाय निम्मे धागे तुळईला आडवे जातात, त्यांचा इथे काडीचाही उपयोग नाही. उरलेले पीळ दिलेले आणि वरखाली विणलेले. ताण आला की ते आधी सरळ होणार, मग कामाला लागणार. म्हणून एकाच दिशेत धागे असलेलं कापड घ्या आणि ते लांबीलाच लावा.

कोकणात काथ्या मुबलक, म्हणून तो सुचवणारेही भेटतात. काथ्याचा ताठपणा ४ ते ६ गिगापास्कल (ताठपणा मोजायचं एकक, आकडा मोठा तितका ताठ), सागाचा साधारण १०. लाकडापेक्षा लवचीक धाग्याने लाकूड ताठ कसं होणार? ताग, घायपात त्यापेक्षा बरे आणि जवसाचा धागा, म्हणजे लिननचा, या सगळ्यांत सरस. तरी अपेक्षा बेताचीच ठेवा. २०० मिमी उंचीच्या तुळईला खालून ३ मिमीचा पट्टा लावला आणि तो लाकडाइतकाच ताठ धरला, तर तुळईचा ताठपणा जेमतेम ५ टक्के वाढतो. लाकडाच्या अडीचपट ताठ पट्टा धरला तर ११ टक्के. फायदा आहे तो फाटणं लांबवण्यात. आलेला झोळ त्याने जात नाही.

त्यातून झोळ तसाच ठेवून पट्टा लावला तर आधीचं सगळं वजन लाकडाच्याच अंगावर राहतं, पट्ट्याच्या वाट्याला फक्त पुढे येणारं वजन. आधी माळा रिकामा करा. खालून जॅक लावून रोज थोडं थोडं उचला (एका दिवसात सरळ करायला गेलात तर वरचा गिलावा तडकलाच म्हणून समजा), मग चिकटवा आणि इपॉक्सी पुरतं कडक होईपर्यंत टेकू काढू नका.

पावसाळ्यात हे काम काढूच नये. लाकडाचा ओलावा १५ टक्क्यांच्या आत हवा, आणि धाग्याचाही विचार करा: दमट हवेत ताग स्वतःच्या वजनाच्या १२-१३ टक्के पाणी धरून बसतो. कापड कडक उन्हात वाळवून लगेच वापरा. सागाच्या अंगात तेल असतं. जुना रंग खरवडा, रंधा मारा, ॲसिटोनने पुसा आणि त्याच दिवशी चिकटवा.

काम झाल्यावर पट्ट्यावर हलकेच ठोकत जा. पोकळ आवाज आला तर आत हवा आहे. लहान जागा असेल तर भोक पाडून इपॉक्सी भरता येतं, मोठी असेल तर तेवढा भाग कापून पुन्हा लावा. दोन-तीन दिवसांनीही पट्टा चिकट लागतो? मिश्रणाचं प्रमाण चुकलं. वरून आणखी हार्डनर फासून काही होत नाही, सगळं खरवडावं लागतं. पट्टा टोकाकडून उचलला जात असेल तर तो एकदम संपवला आहे. वेगवेगळ्या लांबीचे थर घेऊन शेवटाकडे तो पातळ करत न्या आणि टोकांवर तिन्ही बाजूंनी आडवी पट्टी गुंडाळा. सगळी तुळई मात्र गुंडाळू नका, आतली ओल कोंडली की लाकूड आतूनच कुजतं.

आणि पहिल्या दिवशी, कापड आणायच्याही आधी, भिंतीत गेलेली टोकं पटाशीने टोचून पाहा. पटाशी लोण्यात जावी तशी आत गेली तर पट्ट्याचा बेत सोडा. तिथे चांगला सुतार हवा, कुजलेला भाग कापून नवं लाकूड सांधणारा, आणि तो येईपर्यंत खाली टेकू.