दृष्टिहीन मुलामुलींची कॉलेजची पूर्वतयारी

दहावीच्या निकालाची वाट न पाहता नववीच्या सुट्टीतच सुरुवात करावी, आणि तीही पांढऱ्या काठीपासून. डावे पाऊल पुढे पडत असताना काठीचे टोक उजवीकडे टेकले पाहिजे, म्हणजे पुढच्या पावलाची जागा आधीच तपासली जाते. ही लय अंगवळणी पडली की घर ते स्टेशन हा रस्ता गर्दी नसलेल्या वेळी प्रशिक्षकासोबत पक्का करावा आणि लोकलच्या दिव्यांग डब्याची जागा फलाटावरील बीप आवाजावरून ओळखण्याचा सराव द्यावा. पालकांनी मागून चालावे, हात धरू नये. हे मुलांपेक्षा पालकांनाच अधिक जड जाते.

संगणकासाठी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणारे सॉफ्टवेअर) पुरतो. प्रशिक्षणाची चौकशी मुंबईत वरळीच्या नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) या संस्थेत किंवा सेंट झेवियर्स महाविद्यालयातील दृष्टिहीनांच्या संसाधन केंद्रात करावी.

परीक्षेत आपल्या वतीने उत्तरपत्रिका लिहिणाऱ्या लेखनिकाला उत्तर सांगणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. विरामचिन्हे, नवा परिच्छेद आणि विशेषनामांचे शुद्धलेखन स्पष्टपणे सांगून, शेवटी उत्तर वाचून घेण्याची सवय लावावी.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे शासकीय ओळखपत्र, वेळेवर काढावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत.