अप्परलिप वॅक्सनंतर क्लायंटचा फोन आला की काय करायचं

लग्नसराईत हा फोन येतोच, "ताई, ओठावर लाल झालंय, आग होतेय." पहिल्यांदा वाद घालू नका, "आमचं वॅक्स चांगलंच आहे" हे तर अजिबात नको. फोटो मागवा आणि विचारा कधी सुरू झालं, घरी काय लावलं, कारण निम्म्या वेळा त्याच दिवशी ब्लीच केलेलं असतं नाहीतर लिंबू चोळलेलं.

नुसता लालपणा, बारीक पुरळ असेल तर १-२ दिवसांत बसतं. थंड पाण्याची पट्टी ठेवा, मेकअप, ऊन, वाफ, स्क्रब बंद. पण साल निघाली असेल तर रेटिनॉलची क्रीम किंवा पिंपल्सच्या गोळ्या चालू आहेत का विचारा, त्यातली आयसोट्रेटिनॉइनची गोळी घेणाऱ्यांना तर गोळी बंद करून ६ महिने होईपर्यंत वॅक्स नकोच, थ्रेडिंग करा (खरंतर हे आधीच विचारायला हवं होतं, चूक आपली). फोड, पू आला तर सरळ स्किनच्या डॉक्टरकडे, मेडिकलमधली स्टेरॉइडची ट्यूब आपण सुचवायची नाही. ओठ-डोळे सुजले, श्वास लागला तर लगेच हॉस्पिटल!

पैसे परत द्यायचे का? चटका आपल्या गरम वॅक्सचा असेल तर मी देते, कुरकुर न करता. आणि सगळं वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी कानामागे पॅच टेस्ट (थोडंसं वॅक्स लावून त्रास होतो का बघणं), २४ तास आधी.