इअरफोन बिघडला म्हणण्याआधी

गोव्यातल्या फोंड्यात माझं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. पाऊस सुरू झाला की "एका कानाला ऐकू येत नाही, दुसरा द्या" म्हणत गिऱ्हाइकं येतात. दुसरा विकण्यात माझाच फायदा. तरी आधी मी त्यांना डावा बड उजव्या कानात आणि उजवा डाव्यात घालायला सांगतो. कमी आवाज बडबरोबर दुसऱ्या कानात गेला, तर दोष इअरफोनचा नाहीतर फोनचा. त्याच कानाला कमी येत राहिलं, तर कानातला मळ असू शकतो. डॉक्टरला दाखवा, काडी घालू नका.

इअरफोन की फोन, हे दुसऱ्या फोनला लावून पाहिलं की कळतं. फोनचाच दोष निघाला तर सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत जा. तिथली डाव्या-उजव्या आवाजाची पट्टी मधोमध हवी. घरात लहान पोरं असतील तर हे आधी बघा.

एक तक्रार मात्र भल्याभल्यांना चक्रावते: वाद्यं वाजतात, पण गाणारी गायब, किंवा विहिरीतून गातेय असं वाटतं. गाणं खराब नसतं. जॅकचा, म्हणजे वायरच्या टोकाच्या पिनेचा, ग्राउंडचा (दोन्ही कानांच्या सामायिक तारेचा) संपर्क सुटला की डाव्या आणि उजव्या आवाजातला फरक तेवढा कानात येतो. गायिकेचा आवाज बहुधा दोन्हीकडे सारखा भरलेला असतो, म्हणून नेमका तोच वजा होतो. कारण बहुतेक वेळा खिशातला कापूस, फोनच्या भोकात दाबून बसलेला. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढा, सुई नको. जाड कव्हरमुळेही ३.५ मिलिमीटरचा जॅक पुरता आत जात नाही. वायर हलवल्यावर आवाज येत-जात असेल तर ती आतून तुटलीय, आणि स्वस्त इअरफोनला सोल्डरचा डाग देऊन तार जोडण्यात अर्थ नाही.

आपली हवा दमट, किनाऱ्याकडे खारटही. जॅकवर आणि बडच्या चार्जिंगच्या टिकल्यांवर हिरवट थर धरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओला केलेला कापूस पुरतो. जाळीला मात्र कोरडा, मऊ टूथब्रश, तोही जाळी खाली धरून, म्हणजे मळ आत न जाता बाहेर पडतो.

ब्लूटूथवर मीटिंग सुरू होताच आवाज चिरका झाला, तर माइक चालू झाल्यामुळे हेडसेट कॉलच्या हलक्या दर्जावर गेलाय. लॅपटॉपचाच माइक निवडा, सुधारेल.

आता नवा घेताना. खोक्यावरचं "२० ते २०,००० हर्ट्झ" वाचून भुलू नका. माणसाच्या कानाची मर्यादाच साधारण तेवढी. आवाज त्या पट्ट्यात कुठे फुगतो, कुठे बसतो, ते खोकं सांगत नाही. पारखायला मी घुमट आरती लावतो, म्हणजे घुमट या मातीच्या, कातडं ताणलेल्या गोव्याच्या वाद्यावर म्हटलेली आरती. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, ती आपण समोर बसून ऐकतो, त्यामुळे खरी कशी वाजते ते कानाला ठाऊक असतं. मोबाइलवर भरलेली नको, फोनचा माइक मोठा आवाज दाबून टाकतो. घुमटाच्या मागच्या तोंडावर डावा हात उघड-मीट करतो तेव्हा घुमारा बदलतो. तो बदल ऐकू यायला हवा. नुसतं "धम धम" आलं तर बेस वाढवून ठेवलाय, आणि गिऱ्हाईक त्यालाच दमदार म्हणतं! शामेळाच्या, म्हणजे सोबतच्या ढोलासारख्या वाद्याच्या, काठ्यांचे ठोके सुटे पडावेत. कासाळी (झांज) खणखणावी, पण कानात टोचू नये. शेवटी, सगळे एकदम वाजवत असताना आरतीचे शब्द कळतात का ते पाहा.

दोन इअरफोन ताडताना आवाज सारखा ठेवा, कारण जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो. रबर आधी बदलून बघा: कानात फट राहिली तर महागातल्या इअरफोनचाही बेस उडतो. दोन कानांना वेगळ्या मापाचं रबर लागलं तरी बिघडत नाही. आणि रहदारीच्या घरघरीत परीक्षा घेऊ नका, खालचे सूर त्यात बुडतात. माझ्याकडे यायचंच तर दुपारी एकच्या सुमारास, बाजार थंडावतो तेव्हा या. पण जेवायला शटर ओढायच्या आधी.