जुन्या टाटा ४०७ ट्रकचे इंजेक्टर बदलताना: खरं काम सीटवर आहे

‘मोठ्या भोकाचा नोझल टाक, गाडी घाट हसत चढेल आणि ॲव्हरेजही वाढेल’ असं सांगणारा जाणकार महाडपासून सावंतवाडीपर्यंत प्रत्येक नाक्यावर भेटतो. त्याचा चहा घ्या, सल्ला घेऊ नका. इंजेक्टर म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग, आणि नोझल हे त्याचं भोकांचं टोक. मोठ्या भोकातून डिझेल जास्त जाणार हे खरं, पण ते जळायला लागणारी हवा जुन्या विनाटर्बो इंजिनात आणणार कुठून? ते डिझेल काळा धूर होऊन परशुराम घाटात मागच्या रिक्षावाल्याच्या तोंडावर जातं. ॲव्हरेज हवं असेल तर कंपनीने ठरवून दिलेल्या नंबरचे नवे नोझल, चारही सिलिंडरना सारखं प्रेशर आणि खाली स्वच्छ सीट (सिलिंडरवरच्या हेडमध्ये इंजेक्टर टेकतो ती जागा) एवढंच लागतं. जुन्या ट्रकला याहून मोठं अपग्रेड मला माहीत नाही.

हे सगळं पंप आणि लोखंडी पाईपवाल्या जुन्या इंजिनांपुरतं आहे. ४०७ बाजारात आली १९८६ साली. तेव्हाच्या आणि पुढच्या कितीतरी वर्षांच्या गाड्या आजही चिरे, बर्फ आणि आंब्याच्या पेट्या वाहताहेत. तुमची गाडी कॉमन रेलची (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून डिझेल देणारी, कंप्युटरवर चालणारी) असेल तर पुढचं वाचून पाना उचलू नका. त्या रेलमधलं प्रेशर हजार बारच्याही वर जातं, चालू इंजिनात पाईप सैल करणं तिथं जिवावर बेतू शकतं, आणि बऱ्याच गाड्यांत नव्या इंजेक्टरचा कोड कंप्युटरला भरावा लागतो.

दोष इंजेक्टरचाच आहे का, ते आधी पाहा. एअर फिल्टर आपल्या लाल मातीने गच्च असेल, ब्रेक धरत असतील किंवा टॅपेट सेटिंग (व्हॉल्व्हची फट) गेलं असेल, तर इंजेक्टर बदलून काहीही होणार नाही. हे सगळं ठीक असेल तर इंजिन आयडलवर ठेवून एकेका इंजेक्टरवरचा पाईपचा नट पान्याने किंचित सैल करा. ज्याचा नट सैल केल्यावर इंजिनचा आवाज पडतो तो सिलिंडर कामाला लागलाय. आवाजात फरकच पडला नाही, तर तो आधीच झोपलेला आहे. नटाभोवती आधीच फडकं गुंडाळून ठेवा आणि बोटं जवळ नेऊ नका. या प्रेशरचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर दुखत नसलं तरी ताबडतोब सर्जन असलेलं मोठं हॉस्पिटल गाठा.

नोझल विकत घेताना जुन्यावर कोरलेला नंबर वाचून घ्या. त्यातल्या डीएलएलए (DLLA) या अक्षरांच्या पुढचा आकडा फवाऱ्याचा कोन सांगतो. तो जुळला नाही तर फवारा पिस्टनच्या वाटीत पडायचा सोडून भलतीकडे पडतो. जुन्या होल्डरवर, म्हणजे नोझल धरणाऱ्या इंजेक्टरच्या वरच्या भागावर, ‘मायको’ दिसेल. तीच कंपनी २००८ पासून बॉश नावाने ओळखली जाते, त्यामुळे दुकानदार ‘मायको आता मिळत नाही’ म्हणून भलताच माल गळ्यात मारायला लागला तर दुसरं दुकान बघा. चारही नोझल एकदम घ्या. सोबत तांब्याचे वॉशर जुन्याच्याच जाडीचे घ्या.

पाईप काढताना पंपाच्या बाजूला दोन पाने लावा, एकाने नटाखालचा पंपाचा होल्डर धरायचा आणि दुसऱ्याने नट सोडायचा. उघड्या तोंडांना टोप्या घाला. रिटर्नचा पाईप काढा, इंजेक्टर दाबून धरणारा क्लॅम्प सोडा.

आता खरी परीक्षा.

समुद्राकाठच्या गाडीचा इंजेक्टर सहज वर येत नाही. मिरकरवाड्याच्या जेट्टीवर मासळीचं पाणी अंगावर घेत उभी राहणारी गाडी असो की नुसती किनाऱ्याच्या गावात रात्रीची लावलेली, खारी हवा इंजेक्टर आणि हेडच्या मधल्या बारीक फटीत उतरते, खालून काजळी वर चढते आणि दोन्ही मिळून इंजेक्टर जाम करतात. देशावरचे मिस्त्री ‘पाच मिनिटांत काढतो’ म्हणतात ते त्यांच्या कोरड्या हवेत खरं असेल. मला या कामाने वर्षानुवर्षं छळलं आहे, आणि आता माझा नियम एकच आहे: घाई असेल त्या दिवशी हे काम काढायचंच नाही.

आदल्या संध्याकाळी इंजिन कोमट असताना प्रत्येक इंजेक्टरच्या कडेने गंज सोडवणारं तेल सोडा आणि रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा सोडा. मग होल्डरच्या सपाट बाजूंवर पाना लावून इंजेक्टर जागच्या जागी फिरवा, आणि पहिला हिसका घड्याळाच्या दिशेनेच द्या. उलटा दिलात तर नोझल धरणारा खालचा टोपी-नट हेडमध्ये अडकलेलाच राहतो, होल्डर त्यातून उघडून वर येतो आणि नोझल आत. मग हेड उतरवण्याची वेळ येते. एकदा इंजेक्टर हलला की थोडा इकडे, थोडा तिकडे, मध्ये तेल, असं करत राहा. फिरायला लागला की पाईपच्या आट्यांवर स्लाइड हॅमर (दांड्यावर सरकणाऱ्या वजनाने ओढणारं हत्यार) बसवून सरळ वर ओढा.

पहारीने उचकटू नका. छिन्नी लावू नका. गॅसची ज्योत तर मुळीच दाखवू नका, डिझेलने भिजलेल्या इंजिनवर आग लावायची हौस कुणाला असेल तर त्याने स्वतःच्या गाडीवर भागवावी. काही इंजिनांच्या हेडात इंजेक्टरसाठी वेगळी तांब्याची स्लीव्ह असते. ती इंजेक्टरसोबत वर आली तर रेडिएटरचं पाणी सिलिंडरमध्ये उतरेल, म्हणून बाहेर आलेल्या इंजेक्टरभोवती तांब्याची नळी चिकटलीय का ते आधी बघा.

इंजेक्टर निघाला की लोक नवा बसवायला धावतात, आणि नव्या नोझलचे पैसे इथंच वाया जातात. भोकात टॉर्च मारा. जुना तांब्याचा वॉशर इंजेक्टरसोबत आला का? बरेचदा तो तळाशी चिकटून राहतो आणि काजळीने इतका काळा पडलेला असतो की सीटच वाटतो. त्याच्यावर नवा वॉशर ठेवला की नोझल दोन वॉशरांवर उंच बसतो, फवारा वाटीच्या वरच्या कडेवर आदळतो, आणि गाडी नव्या नोझलवर जुन्यापेक्षा जास्त धूर सोडते. मग मालक म्हणतो नोझल डुप्लिकेट निघाला. काढलेल्या इंजेक्टरवर वॉशर दिसत नसेल तर तो आत आहे, असंच धरून चाला आणि हुकाने ओढून काढा. जुना वॉशर तापवून पुन्हा वापरायची काटकसरही नको.

मग सीट. खालच्या बारीक भोकात ग्रीस लावलेली चिंधी बसवा, तिचं टोक बाहेर राहू द्या. सीट घासायच्या रीमरला भरपूर ग्रीस फासा, म्हणजे काजळी त्यालाच चिकटेल. हातानेच, हलक्या दाबाने फिरवा. दर दोन-तीन फेऱ्यांनी बाहेर काढून पुसा, पुन्हा ग्रीस लावा. काळं जाऊन धातूचं पूर्ण, अखंड कडं दिसेपर्यंत हे चालू ठेवायचं. ड्रिलला वायरब्रश लावून भुर्रकन साफ करणाऱ्याला गाडीजवळ फिरकू देऊ नका. त्या ब्रशची एक तार सिलिंडरमध्ये पडली तर पुढचा खर्च मोजत बसाल. शेवटी चिंध्या काढा, त्या सगळ्या परत आल्या का ते मोजा, इंजिन बंद करायची दोरी ओढून धरा आणि स्टार्टर थोडा मारा. उरलेला कचरा भोकांतून उडून जाईल. त्या वेळी इंजिनावर वाकून बघायला कुणीही नको.

प्रेशर सेटिंग घरी करायचं काम नाही. होल्डर आणि नवे नोझल घेऊन पंप-नोझलवाल्याकडे जा, पण तिथं उभे राहा. अशा इंजिनांत नोझल साधारण २०० ते २५० बारच्या आसपास उघडतो. तुमच्या इंजिनचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. तो शिम (पातळ चकत्या) घालून जुळवतात, आणि चौघांत पाच बारहून जास्त फरक मी चालवून घेत नाही. टेस्टरची दांडी मारली की फवारा धुक्यासारखा, सगळ्या भोकांतून सारखा, करकर आवाज करत यायला हवा. उघडण्याच्या प्रेशरपेक्षा वीस बार खाली दहा सेकंद धरून ठेवल्यावर टोकाला थेंब लोंबता कामा नये. नव्या नोझलची सुई त्याच्याच बॉडीत राहू द्या. ही जोडी मायक्रॉनमध्ये जुळवलेली असते, एकाची सुई दुसऱ्यात चालत नाही.

बसवताना क्लॅम्प टॉर्क पान्याने, मॅन्युअलच्या आकड्यानेच आवळा. जास्त आवळल्याने ‘पक्कं’ होत नाही, नोझल दबून सुई अडकते. हवा काढायची ती नेहमीसारखीच: हँड प्रायमर, फिल्टरचा स्क्रू, पंपाचा स्क्रू, शेवटी स्टार्टर मारत इंजेक्टरकडचे नट.

पहिल्या फेरीनंतर इंजिन थंड झालं की क्लॅम्प पुन्हा तपासा. इंजेक्टरच्या कडेने काळं ओलं दिसलं किंवा फुसफुस ऐकू आली तर वॉशर बसलेला नाही. ॲव्हरेज मोजायचं तर टाकी गळ्यापर्यंत भरून त्याच रस्त्यावर, तेवढाच माल घालून मोजा. रिकामी गाडी हातखंब्याहून लांज्याला नेऊन आणलेला आकडा कुणाला सांगू नका. पाण्याचा सेपरेटर पावसाळ्यात रोज सकाळी सोडा, नाहीतर नव्या सुया पुन्हा गंजतील.

एवढं करूनही चढावर काळा धूर राहिला तर इंजेक्टरला दोष देऊ नका, पंप टेस्ट बेंचवर पाठवा. आणि पंपाचं सील तोडून गाडीवरच स्क्रू फिरवून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.