आधी उतरणारा खोका शेवटी चढवा

आणीबाणीत औषधं पाठवताना गोदामातला बराच वेळ शोधाशोधीत जातो. म्हणून सलाइन, ड्रेसिंग, हातमोजे यांचे वेगवेगळे ढीग लावण्याऐवजी एका केंद्राला लागणारा संच आधीच बांधून ठेवा आणि खोक्याच्या दोन बाजूंना यादी चिकटवा. एकाच बाजूला लावली तर ती हमखास भिंतीकडे जाते. आधी आलेला माल आधी काढायची सवय इथे सोडा. ज्याची मुदत आधी संपते, तो आधी बाहेर. गाडी भरताना शेवटच्या थांब्याचा माल सर्वात आत, पहिल्याचा दाराशी.

खरी काळजी थंड मालाची. इन्सुलिनचा साठा आणि बहुतेक लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हव्यात. सगळे उष्णतेला घाबरतात, पण फ्रीझरमधून थेट काढलेल्या बर्फाच्या पॅकला टेकलेलं इन्सुलिन गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. पॅक हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत तो बाहेर ठेवा, मगच पेटीत घाला. तापमापक पेटीच्या आत, मालाजवळच हवा.

पर्यायी रस्ता आणि माल उतरवून घेणाऱ्याचं नाव चालकाला कागदावर लिहून द्या, कारण अशा वेळी मोबाइलचं नेटवर्क कधीही जातं.