बायबल विकत घेताना आधी काय बघायचं

दुकानात गेलं की सगळे कव्हर बघतात, चेन आहे का, सोनेरी कडा आहेत का वगैरे, पण आधी आतली अनुक्रमणिका बघा ना. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं असतात आणि कॅथलिकात ७३, जास्तीची सगळी जुन्या करारात (म्हणजे बायबलाच्या पहिल्या भागात), टोबीत, मक्काबी अशी. मोजत बसायचं नसेल तर सरळ त्यातलं दानीएलचं पुस्तक उघडा, १२ अध्याय म्हणजे प्रोटेस्टंट, १४ म्हणजे कॅथलिक, झालं काम. मी हे न बघता एकदा मावशीला गिफ्ट दिलं, तिच्या चर्चमध्ये वाचतात तो भागच त्यात नव्हता!

मग भाषा. इंग्लिशमध्ये १६११चं किंग जेम्स भाषांतर कानाला भारी लागतं, पण रोज वाचायला एनआयव्ही (न्यू इंटरनॅशनल व्हर्जन) हे आधुनिक भाषांतर सोपं. ते वाचताना प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ८व्या अध्यायात ३६ नंतर एकदम ३८वं वचन येतं, पान फाटलंय असं समजून परत करायला जाऊ नका, सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत ३७ नाहीये म्हणून ते खाली तळटीपेत टाकलंय.

मराठीत पंडिता रमाबाईंनी स्वतः हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं भाषांतर केलंय, तेही जरूर चाळा. आणि फॉन्ट साइज बघाच, खिशातलं बायबल छान दिसतं पण रात्री वाचताना डोळे जातात.