वाळूजला नवीन आलात आणि डोकं दुखायचं थांबत नाही?

कोकणातून संभाजीनगरला, वाळूज-चिकलठाणा-शेंद्र्याच्या कंपन्यांत नोकरीला येणाऱ्यांना खोली, मेस, गॅस यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. तब्येतीचं कुणी बोलत नाही. पहिल्या काही महिन्यांत आपल्याकडच्या बऱ्याच जणांचं गाऱ्हाणं एकच असतं: अंग गळून गेलंय, दुपारनंतर डोकं ठणकतं, झोपून उठलं तरी शीण जात नाही. घरी फोन केला की आई म्हणते, "तिकडची हवा मानवली नाही रे." घरमालक म्हणतात, "ऊन लागलंय, दुसरं काय!" दोघांचंही थोडंफार खरं असतं. पण पंधरवडा उलटूनही तेच चालू असेल, तर हवेला दोष देत बसू नका.

आधी उन्हाचंच बघू. आपल्याकडे घामाने शर्ट पाठीला चिकटतो, म्हणून पाण्याची आठवण राहते. इथली हवा कोरडी. घाम येतो तसा वाळतो, अंगातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, त्यात नळाला रोज पाणी नाही, जार विकत, मग माणूस नकळत कमी पितो. लघवी गडद पिवळी होत असेल तर समजा. पाणी, ताक, लिंबाचं सरबत वाढवून दोन-तीन दिवसांत उतार पडला तर ठीक. बोअरच्या जड पाण्याने डोकं दुखतं असं इथे कुणीही सांगेल. त्या पाण्याने केस राठ होतात, डाळ लवकर शिजत नाही, पण डोकेदुखीचं खापर त्याच्यावर फोडण्यात अर्थ नाही.

गॅस गीझर मात्र जरूर तपासा. भाड्याच्या खोल्यांत तो बंदिस्त न्हाणीघरातच लावलेला असतो, आणि थंडीत आपण खिडकीही लावून घेतो. त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. अंघोळ करून आलं की डोकं जड, मळमळ, पाय लटपटतात, आणि बाहेर मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतं, असं होत असेल तर गीझर त्याच दिवशी बंद करा. खोलीतल्या दोघा-तिघांची डोकी एकदम दुखत असतील, तर संशय आधी तिथेच. यात जीव जातो.

दुसरा सापळा मेडिकलच्या काउंटरवर. "भाऊ, डोकं दुखायलंय," म्हटलं की पट्टीतून दोन गोळ्या कापून हातात मिळतात, आणि त्या तुकड्यावर धड नावही नसतं. महिन्यातले दहा-पंधरा दिवस अशा गोळ्या पोटात जायला लागल्या आणि ते काही महिने चाललं, की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. डॉक्टरकडे जाताना गोळीची अख्खी पट्टी घेऊन जा, निदान नाव तरी लिहून न्या.

सलाईनचंही तेच. अशक्तपणा म्हटलं की कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बाटली लागते, दोन तास बरं वाटतं, कारण जागचं जागीच राहतं. जुलाब-उलट्या नसतील, तोंडाने पाणी जात असेल, तर बाटलीचा हट्ट धरू नका. एमडी मेडिसिन झालेला डॉक्टर गाठा.

पगार महिना २१,००० रुपयांच्या आत असेल तर कंपनीकडून ईएसआयचा, म्हणजे उपचार मिळणाऱ्या राज्य कामगार विम्याचा, नंबर मागून घ्या. पगारातून पैसे कापले जातात आणि पोरं मात्र खासगीत खर्च करतात, हे मला कधी समजलेलं नाही. चिकलठाण्याचं जिल्हा रुग्णालय, ज्याला सगळे मिनी घाटी म्हणतात, तिथे १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत. मोठी घाटी म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. तिथे गर्दी असते, केसपेपरला रांग असते, पण तज्ज्ञ सगळे एका आवारात. सकाळी लवकर जा, सोबत कुणीतरी न्या.

आत गेल्यावर "वीकनेस आहे" एवढंच सांगून गप्प बसू नका. केव्हापासून, दिवसाच्या कोणत्या वेळी, रात्रपाळीच्या आठवड्यात वाढतं का, संध्याकाळी कणकण येते का, वजन उतरलंय का, बायकांनी पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हेसुद्धा सांगायचं. खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल तर तो आधी सांगा, सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते. बीपी मोजून घ्या. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२ या रक्ताच्या साध्या तपासण्यांतून बरंच कळतं. मासळी सुटली म्हणून बी-१२ महिन्याभरात घसरत नाही, त्याचा साठा यकृतात बराच काळ पुरतो. चष्म्याचा नंबर तपासायचं राहूनच जातं. आणि एकट्या विडाल तपासणीवर कुणी "टायफॉइड निघाला" म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा, त्या एका चाचणीवर खात्री देता येत नाही. पावसाळ्यात ताप येऊन गेला असेल तर डेंगीचाही विचार होतो. पाणी साठवलेल्या पिंपांत त्याचे डास वाढतात, आणि ताप उतरल्यावरही थकवा काही आठवडे रेंगाळतो.

सगळे रिपोर्ट चांगले आले आणि तरी सकाळी उठावंसं वाटत नाही, जेवण जात नाही, कुणाशी बोलायला नको वाटतं, असंही होतं. घर सुटलेल्या माणसाला हे होणारच म्हणून सोडून देऊ नका. १४४१६ या टेलि-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर मोफत बोलता येतं.

डोकं क्षणात फुटल्यासारखं दुखलं, तापासोबत मान आखडली, बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तर ओपीडीच्या वेळेची वाट बघायची नाही. १०८ लावा. वाळूजच्या बजाजनगरमध्ये पत्ता सांगताना जवळचा चौक सांगा, घर नंबरावरून गाडी शोधत बसते.